एक इंच खाली

विट्यात, मायणी रोडला माझं वेल्डिंगचं दुकान.
गेट, खिडक्या, उसाच्या ट्रॉलीचे हूक,
आणि मैदानं सुरू झाली की छकड्या.
छकडी म्हणजे दोन चाकं, एक दांडी,
बाकी सगळा वारा.
वजन मी डोळ्यानं सांगतो, काट्यावर नंतर घालतो.

सोमवारी माणसं येतात.
कामाला नव्हे,
रविवारचं मैदान परत पळवायला.
दोन बाकडी, एक टायर, एक उलटा डबा.
डब्यावर हणमंत मास्तर,
कारण त्यांना सगळ्यांपेक्षा जास्त कळतं
आणि त्यांच्या दावणीला बैल नाही.

"गटात दुसरा आला म्हंजी बाद?
आरं, पयल्या गटातला दुसरा
सातव्या गटातल्या पयल्यापेक्षा जोरात पळलाय.
घड्याळ लावा की."
"घड्याळ बैलाला कळतं व्हय?"
"बैलाला सेमी तरी कुठं कळती?"

मी ठिणग्या पाडतो, तेवढा वेळ सगळे तोंड फिरवतात.
तोंड फिरवून बोलतात.

धोंडीआण्णांना आरत-पारतच खरी वाटते :
जाऊन, वळसा घालून, परत आलं पाहिजे,
सरळ तर उताराला पाणीसुद्धा पळतं.
पोरांना झेंडा पडल्यावर
चहा निवायच्या आत निकाल पाहिजे.
सलीम म्हणतो, चिठ्ठीत कडेची चाकोरी निघाली
की फायनल गेली,
गर्दी टॉवेल उडवते, बैल आत दबतो.
"मग गर्दी बंद करा," धोंडीआण्णा म्हणतात
आणि पुढच्या मैदानाला कुणाच्या जीपमधून जायचं ते विचारतात.

मग पैऱ्यावर येतात.
भाळवणीचा वकील, नेवरीचा गवंडी,
दोन गावांचे दोन खोंड एका जुवाखाली.
मालकांची सोयरीक मोडलीय,
बैलांची नाही.
वकील सुटतो झकास, पण शेवटाला तारीख मागतो.
गवंडी उशिरा तापतो,
तापला की मागच्यांपुढं भिंतच घालतो.
ह्यावर दीड तास.

बंदी होती त्या वर्षांत
मी एकही छकडी केली नाही.
डबा मात्र रिकामा राहिला नाही.
न झालेल्या शर्यतींवर
ह्याच माणसांची डोकी फुटायची वेळ आली होती.

"काल मात्र ड्रायव्हर चुकला."
ह्यावर एकमत.
"बिरूनं ऐन निशाणाला कासरा वढला."
"वढला न्हाई, सुटला."
"पैसं खाल्लं."
"त्याच्या बापाच्या वक्ताला असं न्हवतं,
बाप बैलाच्या पाठीवर डोळं मिटून बी..."
बापाला कुणीच बघितलेलं नव्हतं.

टायरवर बसलेलं पोरगं उठलं.
आटपाडीकडचं, एकोणीस वर्षांचं,
अंगावर मांस शोधावं लागेल असं.
धुळीशिवाय त्याला कुणी ओळखत नाही.
मीसुद्धा हातावरनं ओळखलं,
कासऱ्यानं सोललेल्या दोन बोटांवरनं.

त्यानं पॅंट वर केली. गुडघा कवठाएवढा.
"पाय ठेवायची पट्टी एक इंच खाली घ्या, मामा.
वाकत न्हाई."

मी खडूनं खूण केली.
पाठीमागं वकिलाचा खटला अजून चालू.
हळूच विचारलं, काल शेवटी काय झालं रे?

तो विचारात पडला,
खरंच पडला,
जणू हा प्रश्न त्यालाही कुणीतरी सोडवून द्यायला हवा होता.
"मला दिसलंच न्हाई," म्हणाला.
"नुसती धूळ. आन् दोन शेपट्या."

पट्टी कापली, खाली घेतली, जोडली.
तो चढून उभा राहिला, एक पाय, मग दुसरा,
दुकानाच्या दारात, जागच्या जागी, बैलांशिवाय.
डब्यावरून मास्तरांनी मान तिरकी करून बघितलं.

"पोरा, इंच जास्त झाला.
अर्धा पायजे हुता. वळणाला तोल जाईल."

"सरळच पळायचं असतंय, मास्तर,"
सलीम म्हणाला,
आणि धोंडीआण्णांनी बाकडं पुढं ओढलं.